दारापुरती लिथुआनियन: विल्नियस-काउनासमध्ये डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी

लिथुआनियात विल्नियस किंवा काउनासमध्ये डिलिव्हरीचं काम सुरू केलं की पहिले काही दिवस वाटतं, इथे भाषेची गरजच नाही. पत्ता नकाशावर दिसतो, पैसे ॲपमध्ये आधीच भरलेले असतात, तरुण ग्राहक इंग्रजी बोलतो. मग एका संध्याकाळी नऊ मजली इमारतीच्या बंद दारासमोर उभे असता, ऑर्डर आजीबाईंची निघते, आणि फोनवर त्या भराभर काहीतरी सांगतात. त्यात दाराचा कोड असतो, मजला असतो, कुठल्या बाजूने यायचं तेही असतं. आपल्याला कळतं फक्त ‘लबा दिएना’, म्हणजे नमस्कार.

शिवाय आता प्रश्न फक्त सोयीचा राहिलेला नाही. लिथुआनियन ही तिथल्या राज्यघटनेनुसार राज्यभाषा आहे, आणि १ जानेवारी २०२६पासून ग्राहकाला सेवा या भाषेत मिळाली पाहिजे असा नियम लागू झाला आहे. तुमच्या कामाच्या प्रकाराला तो नेमका कसा लागू होतो, हे ज्यांच्याशी करार केलाय त्यांना लेखी विचारा. ओळखीच्या मुलांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या निरोपांवर विसंबू नका.

हा लेख व्याकरण शिकवण्यासाठी नाही. एक ऑर्डर हॉटेलातून उचलून दारात देईपर्यंत जेवढी भाषा लागते, तेवढीच इथे आहे. आणि माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: प्रश्न पाठ करणं सोपं, उत्तर समजणं अवघड. म्हणून प्रश्न असेच विचारायचे, ज्यांचं उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत येईल. ‘तुमच्याकडे कसं यायचं?’ असं विचारलंत तर समोरून पाच वाक्यं येतील. ‘कितवा मजला?’ विचारलंत तर एक शब्द येईल.

पायरी १: उच्चार. इथे मराठी माणूस पुढे आहे

लिथुआनियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणतात. इंग्रजी वळणाने ‘ट’, ‘ड’ म्हणू नका. ‘र’ आपल्यासारखा खणखणीत. ख, घ, थ, ध असे श्वासाचे उच्चार नाहीतच. ऱ्हस्व-दीर्घ मात्र खरोखर पाळतात.

आपल्या ‘चहा’तला च आणि ‘चांगला’तला च वेगळे आहेत, आणि लिथुआनियनमध्ये हे दोन्ही उच्चार आहेत. साधं रोमन ‘सी’ अक्षर दिसलं की ‘चांगला’तला च म्हणायचा, म्हणजे त्स: ‘त्सेन्त्रस’ म्हणजे शहराचा मध्यभाग. त्याच अक्षरावर छोटी टोपी असेल तर ‘चहा’तला च. एसवर टोपी म्हणजे श, झेडवर टोपी म्हणजे ‘मेझर’मधला मऊ झ. जे अक्षर दिसलं की य म्हणायचं, ज कधीच नाही. वाय म्हणजे दीर्घ ई. ‘ए’, ‘आय’, ‘यू’खाली शेपटी दिसली तर तो स्वर लांबवायचा. एवढ्यावर रस्त्यावरच्या बहुतेक पाट्या वाचता येतात.

शब्दात आघात कुठे द्यायचा हे लिखाणात दाखवत नाहीत, ते ऐकूनच उचलावं लागतं. पुढे दिलेलं देवनागरी लेखन कानाच्या जवळचं आहे, तंतोतंत नाही. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर प्रत्येक वाक्य एकदा ऐका आणि मगच पाठ करा.

पायरी २: आकडे, आणि पहिला आठवडा फक्त आकडेच

बहुतेक जण नमस्कार-चमत्काराने सुरुवात करतात. तुम्ही आकड्यांनी करा.

विएनस (१), दु (२), त्रीस (३), केतुरी (४), पेन्की (५), शेशी (६), सेप्तीनी (७), अश्तुओनी (८), देवीनी (९), देशिम्त (१०). शून्य म्हणजे नुलिस.

सप्त, अष्ट, दश आठवले की सात, आठ, दहा आपोआप लक्षात राहतात. लिथुआनियन आणि संस्कृतच्या नात्याबद्दल इंटरनेटवर भरभरून वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण पावसात दाराशी उभं असताना त्याचा उपयोग आकड्यांपलीकडे फारसा होत नाही.

अकरा ते एकोणीस ‘लिका’ने संपतात: विएनुओलिका, द्वीलिका, त्रीलिका, केतुर्योलिका, पेन्क्योलिका आणि याच चालीवर पुढे. मग द्विदेशिम्त (२०), त्रिस्देशिम्त (३०), केतुरेस्देशिम्त (४०), पेन्केस्देशिम्त (५०), आणि शंभर म्हणजे शिम्तस. मधले आकडे दशक आधी, एकक नंतर: तेवीस म्हणजे ‘द्विदेशिम्त त्रीस’, सरळ वीस-तीन. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. लिथुआनियात मुलं तसंच मोजतात. आपल्या डोक्याला एकक आधी ऐकायची सवय, त्यामुळे ‘केतुरेस्देशिम्त त्रीस’ ऐकून चौतीस लिहिलं जातं. ही गडबड टाळायला ऐकलेला आकडा लगेच टाईप करायची सवय लावा, पहिला शब्द ऐकताक्षणी पहिला अंक.

सराव कसा करायचा? रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर, बसचे नंबर, दुकानातल्या किमती मनात म्हणत चला. त्यानंतर उलटी परीक्षा: फोनला आकडे बोलायला लावा आणि लिहून काढा. बोलण्यापेक्षा हा ऐकण्याचा सराव तिप्पट करा.

‘कितवा’ सांगणारे शब्द वेगळे आहेत: पिर्मस, आन्त्रस, त्रेचस, केत्विर्तस, पेन्क्तस, शेश्तस, सेप्तिन्तस, अश्तुन्तस, देविन्तस. मजल्यासाठी हेच लागतात.

पायरी ३: पत्ता वाचणं

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

रस्त्याचं नाव बहुतेकदा ‘चा-ची-चे’च्या रूपात असतं. गेदिमिनस हा विल्नियस वसवल्याचं श्रेय दिला जाणारा राजा. त्याच्या नावाचा हमरस्ता ‘गेदिमिनो प्रोस्पेक्तस’, म्हणजे गेदिमिनसचा. काउनासमधली पायी फिरायची प्रसिद्ध ‘लाइस्वेस आलेया’ म्हणजे स्वातंत्र्याची वीथी. म्हणून कुणाच्या तोंडून नावाचा शेवट थोडा बदललेला ऐकू आला तर गोंधळू नका. घर, घराचा, घरात असं आपणही करतोच. तिथे विभक्त्या सात आहेत, आणि तुम्हाला त्या बोलायच्या नाहीत, ओळखायच्या आहेत.

नावापुढचं एक-दोन अक्षरी संक्षिप्त रूप बघा. नुसतं ‘जी’ आणि टिंब म्हणजे गात्वे, साधा रस्ता. ‘पीआर’ म्हणजे प्रोस्पेक्तस, ‘एएल’ म्हणजे आलेया, ‘पीएल’ म्हणजे प्लेन्तस, मोठा हमरस्ता. हे महत्त्वाचं, कारण एकच नाव दोन ठिकाणी असू शकतं. शहरही बघा: ‘सवानोर्यू प्रोस्पेक्तस’ विल्नियसलाही आहे आणि काउनासलाही.

त्यानंतरचे आकडे: ‘कल्वारियू ग. ८८-१२’ असं लिहिलं असेल तर ८८ ही इमारत (नामस) आणि १२ हा फ्लॅट (बुतस). मधली आडवी रेघ म्हणजे ‘ते’ नव्हे.

आता मजला. लिथुआनियात तळमजला हाच पहिला मजला, पिर्मस आउक्श्तस. म्हणजे त्यांचा तिसरा तो आपला दुसरा. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत हे आधीच माहीत असलेलं बरं.

विल्नियसच्या झिर्मूनाइ, लाज्दीनाइ, फाबियोनिश्केस अशा भागांत सोव्हिएत काळातल्या लांबच लांब इमारती आहेत. एका इमारतीला अनेक जिने, प्रत्येक जिन्याला वेगळं दार. अशा जिन्याला ‘लाइप्तिने’ म्हणतात. फ्लॅटचे नंबर एका जिन्यातून दुसऱ्यात सलग चालत जातात, आणि दारावरच्या पाटीवर त्या जिन्यातले फ्लॅट कुठून कुठपर्यंत ते लिहिलेलं असतं. नकाशातली पिन इमारतीच्या मध्यावर टोचलेली असते, जिन्यावर नाही. दार बरेचदा रस्त्याकडे नसून मागच्या आवाराकडे असतं. ग्राहक ‘इश किएमो पुसेस’ म्हणाला, तर आवाराच्या बाजूने या.

दाराशी आकड्यांची पट्टी असते, ‘तेलेफोन्स्पीने’. तिच्यावर बहुधा किल्लीचं चित्र असलेलं एक बटण असतं. ग्राहक कोड सांगतो तो असा: ‘द्विदेशिम्त पेन्की, रक्तेलिस, केतुरी, विएनस, अश्तुओनी, देवीनी’. रक्तेलिस म्हणजे छोटी किल्ली. म्हणजे २५ दाबा, किल्लीचं बटण दाबा, मग ४१८९. हा शब्द माहीत नसला की माणूस तो आकडाच समजतो आणि पुढचं सगळं चुकतं. काही जुन्या दारांवर यांत्रिक कुलूप असतं. तिथे कोडचे आकडे एकामागून एक नव्हे, एकदम दाबून दार ओढायचं.

पाट्यांवरचे शब्द, नुसते ओळखण्यापुरते:

ईएयिमस: आत जाण्याचा मार्ग
इशेयिमस: बाहेर जाण्याचा मार्ग
स्तुम्ति: ढकला
त्राउक्ति: ओढा
नेवेइक्या: बंद पडलंय (लिफ्टवर हा कागद चिकटवलेला दिसेल)
उझ्दारीता: बंद
स्लिदु: निसरडं
पिक्तस शुओ: कुत्रा चावरा आहे

शेवटचे दोन हिवाळ्यात आणि शहराबाहेरच्या बंगल्यांकडे जाताना कामाला येतात.

दारावरचं आडनाव आणि ऑर्डरवरचं आडनाव जुळत नसेल तर लगेच मागे फिरू नका. एकाच घरात नवरा कझ्लाउस्कस, बायको कझ्लाउस्किएने आणि मुलगी कझ्लाउस्काइते असू शकते. शेवट बदलतो, कुटुंब तेच.

पायरी ४: हॉटेलात

इथे फार बोलावं लागत नाही. नंबर दाखवला तरी चालतं, पण दोन वाक्यं म्हटलीत तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला ओळखू लागतो.

‘लबा दिएना. उसाकीमस…’ आणि पुढे नंबर. उसाकीमस म्हणजे ऑर्डर.
‘आर पारुओश्तस?’ तयार आहे का?
‘किएक लाउक्ति?’ किती थांबायचं?
‘त्रूक्स्ता गेरिमो.’ पेय राहिलंय.

उत्तरं: ‘ताइप’ हो, ‘ने’ नाही, ‘दार ने’ अजून नाही, ‘मिनुतेले’ एक मिनिटभर. ‘प्राशोम’ म्हणत पिशवी पुढे केली की तुम्ही ‘आचू’ म्हणायचं, म्हणजे धन्यवाद.

पायरी ५: फोन

फोन सगळ्यात अवघड, कारण तिथे हातवारे नाहीत. म्हणून ही वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. क्रम असाच ठेवा.

‘लबा दिएना, अश कुर्येरिस.’ नमस्कार, मी डिलिव्हरीवाला. संध्याकाळ असेल तर ‘लाबस वाकरस’.
‘तुर्यू यूसू उसाकीमा.’ तुमची ऑर्डर आणलीय.
‘एसु प्रिए नामो.’ इमारतीपाशी आहे.
‘कोक्स दुरू कोदस?’ दाराचा कोड काय?
‘केलिन्तस आउक्श्तस?’ कितवा मजला?

कोड ऐकला की तो परत म्हणून दाखवा. इथे लाजायचं काही नाही. तुमचा उच्चार कच्चा असला तरी आकडा चुकला तर ग्राहक लगेच दुरुस्त करेल. मजल्याचं उत्तर ‘पेन्क्तामे आउक्श्ते’ असंही येईल, म्हणजे ‘पाचव्या मजल्यावर’. सुरुवात पकडा, शेपूट सोडून द्या.

नाहीच कळलं तर:
‘लेचाउ, प्रशाउ.’ जरा सावकाश.
‘पकर्तोकिते, प्रशाउ.’ परत सांगा.
‘परशीकिते झिनुते.’ मेसेज लिहा.
‘अश मोकाउसि लिएतुव्यू कल्बोस.’ मी लिथुआनियन शिकतोय. (बाईंनीही हेच म्हणायचं, क्रियापदात लिंगभेद नाही.)

माझ्या मते यातलं ‘मेसेज लिहा’ सोन्याच्या मोलाचं. लिहून आलेलं भाषांतराच्या ॲपमध्ये टाकता येतं. ‘नेसुप्रन्तु’, म्हणजे ‘मला समजत नाही’, एवढंच म्हणून गप्प बसलात तर मात्र समोरचा तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणतो.

उशीर होत असेल तर ‘वेलुओयु, अत्सिप्रशाउ’ (उशीर होतोय, सॉरी), आणि वेळ सांगायला ‘पो देशिम्त मिनुचू’, दहा मिनिटांनी. पाचसाठी ‘पो पेन्क्यू मिनुचू’. आकड्याप्रमाणे मिनिटाचं रूप बदलतं, त्यामुळे नियमाच्या मागे न लागता हे दोन तुकडे अख्खेच पाठ करा आणि सात मिनिटं लागणार असतील तर दहा सांगा.

पायरी ६: दारात

लिथुआनियन माणूस मितभाषी. दार उघडून पिशवी घेऊन ‘आचू’ म्हणून दार लावलं, तर तो चिडलेला नाही, ती रीतच आहे. तुम्हीही ‘प्राशोम’, ‘स्कनाउस’ (चवीने जेवा) आणि ‘विसो गेरो’ (येतो, बरं असो) म्हणून निघायचं. कसे आहात, हवा काय म्हणते असल्या चौकशा नकोत.

तू आणि तुम्ही हा भेद आपल्यासारखाच: ‘तु’ आणि ‘यूस’. अनोळखी ग्राहकाशी नेहमी ‘यूस’. क्रियापदाला ‘ते’ लागलं की ते आदराचं झालं: ‘पलाउक’ थांब, ‘पलाउकिते’ थांबा. एरवी फक्त ‘ते’वाली रूपंच पाठ करा, चुकायचा प्रश्नच उरत नाही.

ॲपमधल्या सूचनांत किंवा दाराशी ऐकू येणारं:
‘पलिकिते प्रिए दुरू.’ दाराशी ठेवा.
‘नेस्काम्बिन्किते, वाइकस मिएगा.’ बेल वाजवू नका, बाळ झोपलंय.
‘अतेइनु.’ आलो, आले.

सुरुवातीचा ‘ने’ म्हणजे नकार. तो निसटला तर ‘बेल वाजवू नका’चं ‘बेल वाजवा’ होतं.

पार्सलवाल्यांसाठी थोडं वेगळं. पार्सल म्हणजे ‘स्युन्ता’, सही मागायला ‘पसिरशीकिते च्या’ (इथे सही करा), आणि पार्सलच्या लॉकरला म्हणतात ‘पश्तोमातस’. पैसे दारात घ्यायचे असतील तर ‘कोर्तेले आर ग्रीनाइसेइस?’ कार्ड की रोख? सुटे नसतील तर ‘नेतुर्यू ग्राझोस’. आधीच भरले असतील तर ‘याउ अपमोकेता’.

ऑर्डरमध्ये दारू असेल तर वयाचा पुरावा बघावा लागतो, आणि तिथे २०१८पासून वयाची अट २० वर्षांची आहे, अठराची नाही. ‘आर गालिते परोदीति दोकुमेन्ता?’ कागदपत्र दाखवता का? हे प्रश्नार्थकच विचारा, नुसतं ‘दोकुमेन्ता’ म्हटलं तर पोलिसी वाटतं.

पायरी ७: बिघडलं तर

सूप सांडलं: ‘इश्सिलिएयो. लबाइ अत्सिप्रशाउ.’ सांडलंय, फार सॉरी. उन्हाळ्यात त्यांचं गुलाबी थंड सूप, शाल्तिबार्श्चेइ, खूप मागवतात. पिशवीत ते आडवं झालं की बाकीचं सगळं जेवण गुलाबी.

जिना सापडत नाही: ‘नेरान्दु लाइप्तिनेस.’ लिफ्ट बंद आहे किंवा दार उघडत नाही: ‘आर गालिते नुसिलेइस्ति?’ खाली येऊ शकाल का? उत्तर हो किंवा नाहीच येणार.

वाद वाढायला लागला तर अर्धवट लिथुआनियनमध्ये भांडू नका. ‘अत्सिप्रशाउ’ म्हणा, फोटो काढा आणि ॲपच्या मदत विभागाकडे सोपवा. अपघात किंवा धमकी असेल तर ११२.

परदेशी चेहरा पाहून काही वयस्क माणसं रशियनमध्ये सुरू होतात. विल्नियसच्या आसपास पोलिशही ऐकू येईल. रशियन येत असलं तरी आपणहून त्याने सुरुवात करू नये, असं मला वाटतं. काहींना ते मनापासून खटकतं. ग्राहकाने निवडली तर गोष्ट वेगळी.

पायरी ८: कान तयार करणं

वाक्यं आठवड्याभरात पाठ होतात, कान तयार व्हायला महिने लागतात. बसमध्ये ‘किता स्तोतेले’, म्हणजे पुढचा थांबा, ऐकू येईल. त्यापुढे येणारं नाव लक्ष देऊन ऐका. तेच नाव उद्या तुमच्या ऑर्डरवर असेल. सार्वजनिक प्रसारक एलआरटीचा रेडिओ सायकल चालवताना नको, पण स्वयंपाक करताना लावून ठेवा. तासाच्या बातम्यांत हवामान येतं, त्यात आकडे असतात.

फोनच्या कीबोर्डमध्ये लिथुआनियन जोडा आणि पाच-सहा तयार मेसेज नोट्समध्ये ठेवा: दाराशी ठेवलंय, खाली थांबलोय, पाच मिनिटं उशीर, कोड पाठवा. ते एखाद्या लिथुआनियन सहकाऱ्याकडून तपासून घ्या. भाषांतराचं ॲप कधी कधी ‘तु’ वापरतं आणि निरोप उद्धट होतो.

इतकं अंगवळणी पडल्यावर वर्ग लावायचा विचार करा. विल्नियस विद्यापीठ आणि काउनासचं वितौतस माग्नस विद्यापीठ परदेशी लोकांना लिथुआनियन शिकवतात. नाव घालण्याआधी तासांची वेळ बघा, कारण संध्याकाळचा वर्ग आणि जेवणाच्या ऑर्डरींची गर्दी नेमकी एकाच वेळी येते. लांब राहायचा विचार असेल तर हा खर्च वाया जात नाही: पाच वर्षांनंतर कायम निवासाचा परवाना मागताना राज्यभाषेची परीक्षा द्यावी लागते, तिची पातळी ए-२, म्हणजे सुरुवातीची, असते, आणि जोडीला राज्यघटनेचीही परीक्षा असते. तिथे मात्र सातही विभक्त्या विचारतील.